गाडी रात्री कुठे झोपते?

प्रश्न असा आला आहे: "वडील निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला गेले. आम्ही भाऊ डोंबिवलीत. गावात दोन वर्षांत चार इलेक्ट्रिक गाड्या आल्या आणि आता वडीलही तेच म्हणतायत. कोकणात एवढा पाऊस, घाट, वीज जाणं-येणं, तरी लोक या गाड्या का घ्यायला लागलेत? हे खूळ आहे की खरंच परवडतं? वडिलांना घेऊन द्यावी का?"

रत्नागिरी जिल्ह्यात मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. आधी डायनॅमो, स्टार्टर, हॉर्न, आणि आता गेली पाचेक वर्षं घरोघरी चार्जिंगचे पॉइंट बसवणं आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या किरकोळ तक्रारी बघणं. कुणी विचारलं की इलेक्ट्रिक घेऊ का, तर मी आधी रेंज (एकदा भरल्यावर किती किलोमीटर जाते ते) विचारत नाही, बजेटही विचारत नाही. गाडी रात्री कुठे झोपते, एवढंच विचारतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

डोंबिवलीत तुमची गाडी इमारतीखाली किंवा रस्त्याच्या कडेला उभी राहत असणार. तिथे चार्जर लावायचा म्हटलं की सोसायटीची मीटिंग, मीटर कुणाच्या नावावर, वायर कुठून न्यायची, आगीचं काय, आणि शेवटी 'पुढच्या वार्षिक सभेत बघू'. गावी काय आहे? बेडं, म्हणजे फाटक, उघडलं की खळं, म्हणजे अंगण, खळ्याला लागून पडवी, पडवीत मीटर. गाडीपासून मीटरपर्यंत पंधरा-वीस फूट. कुणाची परवानगी नाही, कुणाची सही नाही. इलेक्ट्रिक गाडी शहरातल्या माणसासाठी, खेड्यात तिचं काय काम, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. उलटं निघालं. ज्याच्या दारात अंगण आणि अंगणात प्लग, त्याच्यासाठी ही गाडी आहे, आणि तसं घर आपल्याकडे वाडीवाडीत आहे.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. लोक म्हणतात, श्रीमंत देश. ते खरंच आहे, आणि पेट्रोलच्या गाडीवर त्यांनी कर जबर लावले, इलेक्ट्रिकला २००१मध्ये व्हॅट माफ केला, हेही खरं. पण नकाशा उघडून बघा: खाड्या, डोंगर, फेरीबोटी, वळणाचे रस्ते, स्वतःची घरं आणि धबधब्यांवरची वीज. थंडी सोडली तर बरंचसं ओळखीचं वाटेल. बहुतेक लोक गाडी घरीच चार्ज करतात.

आता आपल्याकडे हे एवढ्यातच का सुरू झालं, ते सांगतो. पहिलं कारण बॅटरी स्वस्त झाली. २०१०च्या सुमारास एका किलोवॉट-तासाच्या, म्हणजे एक युनिट वीज साठवणाऱ्या, बॅटरीला जगात हजार डॉलरच्या वर पडत होते, २०२४मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आलं. टाटांची इलेक्ट्रिक नेक्सॉन जानेवारी २०२०मध्ये आली तेव्हा आमच्याकडे ती डॉक्टर आणि आंबा बागायतदारांपुरती होती. सप्टेंबर २०२२मध्ये इलेक्ट्रिक टियागो साडेआठ लाखांच्या आत जाहीर झाली, तेव्हा पहिल्यांदा शाळेतले गुरुजी माझ्याकडे चौकशीला आले. मग २०२४च्या जानेवारीत इलेक्ट्रिक पंच, त्याच वर्षी एमजीची विंडसर. विंडसरने तर बॅटरीचं भाडं वेगळं आणि गाडीची किंमत वेगळी अशी सोय काढली. (ते भाडं किलोमीटरवर असतं. जास्त फिरणाऱ्याने आधी गणित मांडावं, नाहीतर स्वस्त गाडी महाग पडते.)

दुसरं कारण पेट्रोल. २०२१च्या मे-जूनमध्ये आपल्याकडे लिटरने शंभरी ओलांडली आणि ती खाली यायचं नाव घेत नाही. आणि किनाऱ्याच्या गावांत भावाइतकाच अंतराचाही प्रश्न असतो. किती गावांत पंपावर जाऊन टाकी भरून यायचं म्हणजे जाऊन-येऊन तीस किलोमीटर. खाडीपलीकडच्या वाड्यांत अजून बाटलीतून पेट्रोल विकतात, लिटरमागे दहा-वीस जास्त घेऊन. अशा ठिकाणी घरच्या भिंतीतून गाडी भरते, ही गोष्ट लोकांना पर्यावरणाच्या भाषणापेक्षा लवकर पटते. पर्यावरणासाठी गाडी घेतलेला गिऱ्हाईक मला एकच भेटला, आणि तो पुण्याचा होता.

सरकारी सवलतींबद्दल बराच गैरसमज आहे. केंद्राची 'फेम-२' योजना एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ चालली, पण तिच्यात चारचाकीचं अनुदान भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांना होतं, घरगुती गाडीला नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं आयकराचं कलमही मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच. तुम्हाला आज खरा फायदा होतो तो दोन ठिकाणी. जीएसटी इलेक्ट्रिकवर ५ टक्के आहे, ऑगस्ट २०१९पासून. आणि महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा वाहनकर माफ आहे. पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२-१३ टक्के भरावा लागतो, म्हणजे बारा लाखांच्या गाडीमागे लाखाच्या वरची रक्कम. मात्र सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८वरून १८वर आला, त्यामुळे सगळ्यात स्वस्त गटात इलेक्ट्रिकचा फायदा घटला आहे. विक्रेता हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. अटल सेतू आणि पुण्याच्या द्रुतगती मार्गावरची टोलमाफी ऑगस्ट २०२५पासून आहे. वडील गावातच फिरणार असतील तर तिचा उपयोग शून्य.

आता वडिलांचं गणित. समजा रोज तीस किलोमीटर फिरणं: बाजार, बँक, बागेत चक्कर, आठवड्यातून एकदा चिपळूण. महिन्याचे ९००. आपल्या चढउताराच्या रस्त्यांवर पेट्रोलची छोटी गाडी लिटरला पंधरा देते. साठ लिटर, म्हणजे सहा हजारांच्या वर. इलेक्ट्रिक छोटी गाडी युनिटला सातच्या आसपास जाते, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर १४० ते १४५ युनिट पडतील. इथे एक खोच आहे. गावातल्या घराचा वापर साधारण शंभर युनिटच्या आत असतो आणि महावितरणचा पहिला टप्पा शंभरावरच संपतो. गाडीची युनिटं त्याच्यावर चढली की ती बहुतेक पुढच्या, महाग टप्प्यात जातात. सगळे आकार आणि वीजशुल्क धरून तिथे युनिट बारा-तेराला पडतं. म्हणजे गाडीचे अठराशे-एकोणीसशे. 'युनिट पाच रुपयाला' असं धरून जे लोक हिशेब सांगतात, त्यांनी स्वतःचं बिल नीट वाचलेलं नसतं. तरीही महिन्याला चार हजारांच्या वर वाचतात, वर्षाला पन्नास हजार. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ही तीन लाखांनी महाग पडली तर सहा वर्षांत भरपाई. कर वजा जाता फरक दीड लाखावर आला तर तीन वर्षांत. पण वडील दिवसाला दहा किलोमीटरच फिरणार असतील तर सरळ जुनी पेट्रोल गाडी घ्या. हे मी माझं नुकसान करून सांगतोय.

घराला कौलांऐवजी पत्रा किंवा स्लॅब असेल तर छतावरच्या सौर पॅनेलचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. तीन किलोवॉटमधून उघडीप असलेल्या दिवसात अकरा-बारा युनिटं निघतात. आषाढात त्याची निम्मीही नाहीत, पण नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते, आणि उन्हाळ्यातली ती जमा पावसाळ्यात वापरता येते. दुपारी गाडी घरी असली तर आणखी बरं.

वीज कोळशाचीच ना, असं कुणीतरी पारावर म्हणणारच. जयगडला आयात कोळशावर १२०० मेगावॉटचं वीज केंद्र चालतं, नाकारत नाही. पण चिपळूण तालुक्यात पोफळी, कोळकेवाडी, अलोरे इथे कोयनेच्या पाण्यावर १९२० मेगावॉटची क्षमताही आहे. एवढी वीज इथून राज्याला जाते आणि आमच्या वाडीत वारा सुटला की दिवे जातात, हा वेगळा राग.

त्या रागावरूनच तुमच्या भीतीकडे येतो. वीज जाण्याची भीती खरी आहे, पण लोक तिचा आकार चुकीचा धरतात. गाडीत तीस युनिटची बॅटरी असली तर ती म्हणजे वडिलांच्या सहा-सात दिवसांचं फिरणं. एक रात्र वीज गेली तर काही बिघडत नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे आठवडे-आठवडे वीज नव्हती, तेव्हा मात्र बिघडलं असतं. म्हणून वादळाचा इशारा आला की गाडी पूर्ण भरून ठेवायची, जशी पूर्वी आपण घागरी भरून ठेवायचो. आणि वळवाच्या विजा कडकडत असताना चार्जिंग लावू नका. चार्जरच्या बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला दाब अडवणारं उपकरण) लावाच. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन मी दोन गिऱ्हाइकांचे चार्जर मेलेले पाहिलेत.

खरा त्रास वीज जाण्याचा नाही, वीज कमी दाबाने येण्याचा. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येक घरात पंप, फ्रिज, एसी सुरू. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वाडीत मी १७० व्होल्ट मोजलेत. गाडी तेवढ्यावर चार्ज होते, पण रडत-रखडत, कधी मध्येच थांबते. उपाय सोपा: रात्री अकरानंतर लावायची.

आणि अर्थिंग. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सहा याच असतात. "गाडी घेतली, चार्जिंगच होत नाही, कंपनीने फसवलं." जाऊन बघावं तर गाडी ठणठणीत. पंधरा अँपिअरच्या प्लगला तिसरी पिन आहे, वायरही आहे, पण ती वायर जाते कुठे? घराच्या मागे जांभ्यात दीड फूट ठोकलेल्या गजाला. फ्रिज, मिक्सर त्यावर वर्षानुवर्षं चालतात, कारण त्यांना अर्थिंग तपासता येत नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, आणि नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. बरोबरच करतो, कारण पावसात ओल्या पायाने माणूस गाडीला हात लावणार असतो.

आपला कातळ पावसाळ्यात वीज बरी वाहून नेतो आणि एप्रिल-मेमध्ये सुकून खडखडीत होतो. ऑगस्टमध्ये अर्थिंग मोजून खूश झालेला माणूस मेमध्ये फोन करतो. म्हणून खड्डा कातळावर नको. न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं, त्याच्या बाजूला खणा, किमान सहा-सात फूट. आत तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी, कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल. बारमाही ओल राहते आणि माडालाही त्रास होत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज २-३च्या आत आला पाहिजे. मीटरपासून गाडीच्या पॉइंटपर्यंत स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा), आणि आरसीसीबी (वीज गळायला लागली की तोडणारा). पडवीतल्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढायचं नाही. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिट भरतात, तुमच्या रोजच्या फिरण्याला दोन तास पुरे. सात किलोवॉटचा मोठा चार्जर कंपनी फुकट देत असली तरी मंजूर भार वाढवल्याशिवाय लावू नका.

घाटाबद्दल. आंबोलीचं उदाहरण घ्या, सावंतवाडीकडून वर चढताना साधारण सहाशे मीटर उंची. माणसांसह दीड टनाची गाडी तेवढी उचलायला अडीच युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून तीन, सपाट रस्त्याला लागतील ती वेगळी. चढताना टक्के घसरताना बघून माणूस घाबरतो. पण उतरताना मोटर उलटी चालून दीडेक युनिट परत बॅटरीत जातं. पेट्रोलची गाडी उतरताना फक्त ब्रेक तापवते. माझा नियम असा: चढायच्या आधी भरा, वर मुक्काम असेल तर शंभर टक्के भरून उतरू नका. बॅटरी भरलेली असली की परत घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्लीला, आंबा घाटाला हेच.

पुराबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण चिपळूणच्या वाटेवर आहात म्हणून सांगतो. बॅटरीचा डबा बंदिस्त असतो, आयपी-६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. रस्त्यावरच्या पाण्यातून जायला ही गाडी पेट्रोलपेक्षा घाबरट नाही, हवा ओढणारं इंजिनच नाही तिला. पण २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी आलं तसं आलं, गाडी तासन्‌तास बुडाली, तर ती चालू करून बघायची नाही, चार्जिंग तर मुळीच नाही. टोइंग करून कंपनीत. विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा.

खारी हवा मात्र आपला मार देते, आणि तो वेगळ्याच जागी. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरला जातो, मोटरच गाडी थोपवते. त्यामुळे समुद्राकाठच्या घरांत डिस्क गंजतात, कॅलिपर आखडतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे बघून दोन-चार वेळा कडक ब्रेक मारायचा. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण नेहमी लावलेलं. आणि घूस-उंदीर. बॉनेटखालची वायर खाल्ली की गावातल्या गॅरेजमध्ये तिला हात लावता येत नाही, उच्च दाबाच्या नारिंगी केबलला तर मीही लावत नाही. गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून गाडी लावू नका, भाताच्या कणग्यांजवळ तर नकोच.

आणखी एक, जे फक्त आपल्याकडे होतं. चाकरमान्याने आईवडिलांसाठी गाडी घेतली, पावसाळ्यात आईवडील दोन महिने मुंबईला गेले. परत आल्यावर गाडी उघडत नाही. मोठी बॅटरी साठ टक्के भरलेली, पण आतली लहान १२ व्होल्टची बॅटरी झोपलेली, आणि तिच्याशिवाय गाडी जागी होत नाही. जाताना मोठी बॅटरी पन्नास-साठवर ठेवायची, लहानीची निगेटिव्ह तार सोडायची (गाडीच्या पुस्तकात आधी बघून), किंवा शेजाऱ्याला सांगायचं की आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू कर. शेजाऱ्याला आंबे तर देताच.

मुंबई-गोवा महामार्गावर चार्जर आता बरेच झालेत. आहेत आणि चालू आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी. मी एकदा नऊ टक्क्यांवर एका ठिकाणी पोचलो तर मशीन बंद, फोन कुणी उचलेना. बाजूच्या खानावळवाल्याने पंधरा अँपिअरचा प्लग दिला, तीन तास बसून दोन जेवणं जेवलो, चार्जिंगचे पैसे त्याने घेतलेच नाहीत. तेव्हापासून तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही आणि पुढचा चार्जर आधी ॲपवर तपासतो. जलद चार्जरवर युनिट अठरा ते पंचवीसला पडतं, तिथेच रोज भरणाऱ्याची बचत बरीच घटते. गणपतीच्या आदल्या दोन दिवशी रांग इतकी असते की तेव्हा इलेक्ट्रिकने मुंबईहून निघूच नये. कोकण रेल्वेचं तिकीट काढा. कागदावरच्या रेंजला दोन-तृतीयांश धरा: जुन्या नेक्सॉनचे कागदावर ३१२, रस्त्यावर दोनशे-दोनशेदहा. शंभराच्या वेगाने गेलात तर त्याहून कमी.

हे सगळं असूनही वडिलांच्या वयाची माणसं ही गाडी का मागतात, ते कुणी नीट सांगत नाही. क्लच नाही, गिअर नाही. आमच्या पाणंदीत समोरून एसटी आली की चढावर मागे घ्यावं लागतं. साठीनंतर गुडघ्याला ते नको होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने, बहात्तर वर्षांचे, चार वर्षं गाडी चालवणं सोडलं होतं. मुलाने इलेक्ट्रिक दिल्यावर आता तवसाळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जयगडला जातात, वहिनींना मागे नाही, बाजूला बसवून. मला वाटतं, या वाढीतला निम्मा वाटा पेट्रोलच्या भावाचा नाही, गुडघ्यांचा आहे.

तेव्हा वडिलांचं रोजचं फिरणं पंचवीस-तीसच्या वर असेल, गाडी अंगणात झोपत असेल, आणि मुंबईच्या फेऱ्या वर्षातून दोन-चारच असतील, तर घ्या. पंचवीस-तीस युनिटची बॅटरी पुरे, मोठीच्या मागे लागू नका. बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती गाडी सोडा. सर्व्हिस सेंटर चिपळूण-रत्नागिरीला आहे का, आणि तिथे उच्च दाबाचं काम करणारा माणूस खरोखर बसतो का, हे फोनवर नाही, जाऊन विचारा.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक करा. गावच्या वायरमनला सांगून रात्री आठला आणि पहाटे पाचला पडवीतल्या प्लगवरचा व्होल्टेज मोजून घ्या, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलाही. चारही आकडे कळवा, मग खड्डा कुठे खणायचा ते सांगतो.